‘आढळले नाही’ म्हणजे किती तास शोधलं?

मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात जैवविविधतेचं प्रकरण उघडलं की एक तक्ता हमखास दिसतो. सस्तन प्राणी इतके, पक्षी इतके, सरपटणारे इतके, उभयचर दोन किंवा तीन. खाली एक ओळ: ‘प्रकल्पक्षेत्रात दुर्मीळ वा संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही.’ मग सर्व्हेच्या तारखा शोधाव्यात. बहुतेक वेळा त्या मार्च ते मेच्या निघतात.

भंडारा-गोंदियाकडची कोणतीही बोडी, म्हणजे लहान तलाव, मे महिन्यात पाहा. तळाला भेगा पडलेल्या, ढोरांच्या खुरांचे ठसे वाळून दगड झालेले. बेडूक शोधायला त्या बोडीत माणूस उतरवला तर त्याला काय मिळणार? बेडूक तिथेच असतात, पण हात-दीड हात खाली मातीत रुतून बसलेले. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की त्याच रात्री तीच बोडी कान बधिर करते. मोठे नर बेडूक पिवळेधम्मक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आणि दोन-तीन रात्रींत अंडी घालून निम्मा कारभार आटोपतो. म्हणजे उभयचरांचा सर्व्हे वर्षातल्या मोजक्या रात्रींचा असतो. त्यासाठी दोन माणसं, दोन बॅटऱ्या, गमबूट आणि मोबाईलवर आवाज टिपायची सोय एवढं पुरतं. अंधार पडल्यावर तासाभराने सुरुवात करायची, काठाने सावकाश एक तास चालायचं, दर दहा मिनिटांनी बॅटरी विझवून नुसतं ऐकायचं. पाण्याचं तापमान आणि पाऊस कधी थांबला ती वेळ लिहायची. त्याच जागी आठवड्यात तीनदा जायचं. खर्च जवळपास नाहीच. अडचण एकच असते, ती म्हणजे अहवालाची मुदत पावसाआधी संपलेली असते.

यात सर्व्हे करणाऱ्यांचा पूर्ण दोष नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली प्रकल्पाला जी अभ्यासाची चौकट आखून देतात, तिच्यात बऱ्याचदा एका हंगामाची माहिती मागितलेली असते, आणि तोही पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायला ही अट ठीक आहे. पावसात धूळ खाली बसते, आकडे खोटे चांगले दिसतात. पण तीच अट जिवांना लावली की ज्या चार महिन्यांत विदर्भातलं रान खरं जिवंत असतं तेच गाळले जातात. गवत, वर्षायू रोपं, बेडूक, फुलपाखरं, धानातली घरटी, सगळं.

म्हणून अहवाल कसा वाचावा आणि सर्व्हे कसा करावा, दोन्हींचं आमचं उत्तर एकच आहे. किती प्रजाती मिळाल्या हे नंतर पाहा, आधी किती शोधलं ते पाहा. सर्व्हेवाले याला एफर्ट म्हणतात. किती माणसं, किती तास, किती किलोमीटर, किती रात्री, कोणत्या महिन्यात. हे न लिहिता ‘आढळले नाही’ लिहिणं म्हणजे पाऊस न मोजता दुष्काळ जाहीर करणं.

रानपिंगळ्याची गोष्ट इथे आठवते. १८८४ नंतर या घुबडाची एकही पक्की नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांना तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी, आणि भर दिवसा, उघड्या फांदीवर. हा पिंगळा काही लपून बसणारा नाही. पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या असल्याचं कळलं. मधल्या काळात तो सापडला नाही याचं एक कारण म्हणजे खोटी नोंद. रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश संग्राहकाने जुना चोरलेला नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण मिळवला असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, आणि त्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली. आजच्या अहवालांत दुसऱ्या जिल्ह्याच्या याद्या जशाच्या तशा चिकटवतात तेव्हा तेच होतं. नसलेला जीव यादीत येतो, असलेला गळतो, आणि पुढचा माणूस त्या यादीवर भरवसा ठेवतो.

आता काम. रानात पाय टाकण्याआधी नकाशा. १:५०,००० चा टोपोशीट, ताजं उपग्रहचित्र, महसुली गट क्रमांक आणि वनखात्याचे कक्ष क्रमांक एकमेकांवर बसवायचे. प्रकल्पाची हद्द म्हणजे गाभा, आणि सहसा भोवतीचे १० किलोमीटर म्हणजे बफर. मग या सगळ्याचे अधिवासानुसार तुकडे पाडायचे: सागाचं रान, मिश्र रान, झुडपी, गवताळ पड, धानाच्या बांध्या (खाचरं), तलाव-बोड्या, नाल्याचा काठ, गावठाण. सर्व्हेच्या जागा प्रत्येक तुकड्यात त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात टाकतात, पण एक दुरुस्ती हवी. जो तुकडा लहान पण वेगळा असेल त्याला प्रमाणापेक्षा जास्त जागा द्यायच्या. हजार हेक्टर धानात एकच जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव असला तर प्रमाण पाळून त्याच्या वाट्याला अर्धी जागासुद्धा येणार नाही, आणि त्या भागातले निम्मे पाणपक्षी तिथेच असतील.

झुडपीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हा विदर्भाचाच शब्द आहे. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असलेली जमीन अहवालात सर्रास ‘पडीक’ म्हणून रंगवतात. बोर, हिवर, पळस आणि मध्ये कुसळी गवत, एवढंच दिसतं खरं. पण लांडगा, खोकड, तित्तिर, लावा, ससा, घोरपड यांची खरी जागा तीच. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी वनजमिनी मानायच्या असा निकाल दिला, जुन्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवून. तेव्हा नकाशावर झुडपी पिवळ्या रंगात ‘पडीक’ दाखवली असेल तर चूक नुसती निसर्गाच्या समजेची राहत नाही, कायद्याचीही होते.

नकाशानंतर माणसं. गावात पहिला दिवस चालण्यात घालवू नये, बसण्यात घालवावा. ढोरं चारणारा, तलावात जाळं टाकणारे ढीवर, मोह आणि तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाया, बीटचा वनरक्षक. फोटो दाखवून “हा प्राणी आहे का?” असं विचारलं की समोरचा पाहुण्याचं मन राखायला “हो, आहे ना जी” म्हणतो. त्याऐवजी “काकाजी, औंदा तलावावर कोणकोणते पाखरं उतरले जी?” असं मोकळं विचारावं आणि नावं त्यांच्या तोंडची लिहावीत. रोही म्हणजे नीलगाय हे कळतं, पण कोल्हा आणि खोकड यांत गावागणिक घोळ असतो, आणि रानकुत्र्याला कुठे कोळसुना म्हणतात. नंतर फोटो काढायचे, त्यात दोन-तीन असे मिसळायचे जे इथे असूच शकत नाहीत, उदाहरणार्थ निलगिरीतलं काळं वानर. त्यालाही हो आलं तर त्या मुलाखतीचं वजन कमी धरायचं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. ती २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली करायची असते. काही गावांत ती नुसतीच भरून ठेवलेली असते, काही गावांत सोनं असतं. उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पक्ष्यांसाठी ठरावीक बिंदूंवर मोजणी सोपी पडते. बिंदू एकमेकांपासून किमान २०० ते २५० मीटर, नाहीतर एकच कोतवाल दोनदा मोजला जातो. सूर्योदयानंतरचे तीन तास. बिंदूवर पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग दहा मिनिटं ५० मीटरच्या आतले पाहिलेले आणि ऐकलेले पक्षी लिहायचे, वरून उडून गेलेले वेगळे. एका बिंदूवर एकदाच जाऊन भागत नाही, आणि का भागत नाही हे आकड्याने समजून घ्यावं. समजा एखादा लाजरा पक्षी तिथे राहतोच, पण एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के. तीन फेऱ्या केल्या तरी तो निसटण्याची शक्यता ०.७ चा घन, म्हणजे ३४ टक्के उरते. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. ज्या अहवालात प्रत्येक जागी एकच फेरी आहे, त्यातलं ‘आढळले नाही’ या हिशेबाने वाचा.

सारस हे याचं जवळचं उदाहरण. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. उन्हाळ्यात जोड्या तलावाकाठी दिसतात, मोजणीही जूनच्या सुमारास होते. घरटं मात्र पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला. उपटलेलं गवत आणि धानाचे ताट रचून पाण्यातच एक बसका ढीग करतात, त्यावर बहुधा दोन अंडी, आणि पुढे महिनाभर उबवणं. म्हणजे घरटं कोणाच्या तरी खासगी गट क्रमांकात असतं. उन्हाळ्यातल्या सर्व्हेने ‘सारस तलावावर आहे, प्रकल्प तलावापासून दोन किलोमीटरवर’ असा निष्कर्ष निघतो, आणि विजेची लाइन नेमकी घरट्याच्या बांधीवरून जाते. उंच, जड पक्षी, वळायला वेळ घेतो, पहाटेच्या धुक्यात तार दिसत नाही. लाइन टाकायची असेल तर सर्व्हे जुलै ते सप्टेंबरात बांध्यांमधून झाला पाहिजे, आणि सकाळ-संध्याकाळ पक्षी कुठून कुठे, किती उंचीवर उडतात हे नकाशावर रेघांनी काढलं पाहिजे.

असलेल्या लाइनीखाली मेलेले पक्षी शोधतात तेव्हाही एक सापळा असतो. चार फेऱ्यांत तीन सापडले म्हणून तीनच मेले असं नव्हे. कोल्हा, मुंगूस, गावातली कुत्री आधी उचलून नेतात, आणि उरलेल्यांतले निम्मे गवतात नजरेला पडत नाहीत. याची दुरुस्ती करायची रीत ठरलेली आहे. मेलेल्या २० कोंबड्या ठरावीक जागी टाकायच्या, शोधणाऱ्या माणसाला न सांगता. समजा तीन दिवसांनी ६ उरल्या, म्हणजे ३० टक्के, आणि त्यांतल्या ३ शोधणाऱ्याला दिसल्या, म्हणजे निम्म्या. एकूण सापडण्याची शक्यता १५ टक्के. मग तीन सापडले म्हणजे अंदाजे वीस मेले. मात्र कोंबडीचा आकडा सारसाला लावू नये. एवढं मोठं धूड एका रात्रीत उचललं जात नाही, आणि चिमणीएवढा पक्षी सकाळ पाहत नाही. आकारानुसार वेगळी चाचणी लागते. ही चाचणी न करता दिलेला मृत पक्ष्यांचा आकडा आम्ही वाचतच नाही.

सस्तन प्राण्यांसाठी आता सगळे कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबतात, आणि तिथल्या चुका बहुतेक बसवण्याच्या असतात. वाघ-बिबटासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, मध्यापासून तीन ते चार मीटरवर, जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच. दोन्ही कॅमेरे नेमके समोरासमोर नकोत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो. तोंड पूर्व-पश्चिम नको, सकाळ-संध्याकाळच्या उन्हाने सेन्सर फसतो. समोरचं गवत पाच-सहा मीटरपर्यंत कापायचं. हे केलं नाही तर वाऱ्यावर डुलणाऱ्या एका काडीचे हजारो फोटो येतात, कार्ड चौथ्या दिवशी भरतं, आणि अहवालात मात्र २५ रात्री लिहिल्या जातात. तारीख-वेळ बसवताना घड्याळाशी ताडायची आणि पहिला फोटो हातात तारीख लिहिलेल्या पाटीचा काढायचा. हे दोन मिनिटांचं काम राहिलं तर पुढे दोन कॅमेऱ्यांतली जनावरं जुळवता येत नाहीत. वनहद्दीत वनखात्याची लेखी परवानगी, बाहेर पोलीस पाटलाला आणि शेतमालकाला सांगून. लोखंडी पेटी, साखळी, कुलूप. तरी एखादा जातोच.

एफर्ट इथे कॅमेरा-रात्रींत मोजतात. २० कॅमेरे २५ रात्री म्हणजे ५००. दोन कॅमेरे दहाव्या रात्रीनंतर बंद पडले तर ३० वजा, ४७०. हा वजा केलेला आकडा अहवालात दिसला की समजावं, कोणीतरी प्रामाणिकपणे कार्डं तपासली आहेत. आणि वाघाच्या उंचीने लावलेला कॅमेरा खवल्या मांजर किंवा साळिंदर टिपेलच असं धरू नये. त्यांच्यासाठी बिळांजवळ, वारुळांजवळ, नाल्याच्या पाईपमध्ये, आणखी खाली, जवळून लावावे लागतात.

हरणवर्गासाठी अजूनही पायपीट चांगली. दोन किलोमीटरची सरळ रेषा आखायची, सकाळी ताशी एक ते दीड किलोमीटरच्या चालीने जायचं. चितळांचा कळप दिसला की तीन गोष्टी: संख्या, रेंजफाइंडरने अंतर, होकायंत्राने कोन. ४० मीटरवर कळप आणि रेषेशी कोन ३० अंश, तर रेषेपासून लंब अंतर ४० गुणिले ०.५, म्हणजे २० मीटर. या लंब अंतरांवरूनच न दिसलेल्यांचा अंदाज निघतो. एका प्रजातीसाठी किमान ६० ते ८० वेळा दर्शन व्हावं लागतं, तेव्हा तो अंदाज उभा राहतो. चौशिंगा इतक्यांदा दिसणारच नाही. त्याच्यासाठी घनता काढण्याचा हट्ट सोडावा आणि लेंड्या, खुणा यांवरून ‘किती जागांत आहे’ एवढंच सांगावं. कळपातलं पहिलं जनावर दिसलं तिथलं अंतर न घेता कळपाच्या मध्याचं घ्यायचं, आणि जनावर पळाल्यावर न मोजता पळायच्या आधी होतं तिथलं. नवखी पोरं इथेच चुकतात.

रस्ता, कालवा, रेल्वे, लाइन अशा लांबट प्रकल्पांना १० किलोमीटरचा गोल फारसा कामाचा नाही. तिथे प्रश्न ‘काय आहे’ यापेक्षा ‘कुठून ओलांडतं’ हा असतो. प्रत्येक नाला, प्रत्येक जुनी पांधण, प्रत्येक ढोरवाट तपासायची. नाल्याच्या ओल्या वाळूत ठसे, नसतील तर एक मीटर रुंद बारीक मातीची पट्टी संध्याकाळी सपाट करून सकाळी वाचायची. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल झाले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासकट १८ प्रजातींचे वन्यप्राणी त्यांखालून गेलेले दिसले. ते वापरतात, कारण जागा मुळात त्यांच्या वाटेवर होत्या. कालव्याचं मात्र फार कमी लोक विचारतात. सिमेंटचं अस्तर गुळगुळीत, उतार तीव्र, पाणी नसलं तरी आत पडलेलं चितळ बाहेर येऊ शकत नाही. वर यायला खडबडीत उतार आणि ओलांडायला पूल कुठे हवेत, ते खोदकामाआधीच्या ठशांवरूनच ठरतं. नंतर अस्तर फोडून उतार करायला कोणी पैसे देत नाही. आणि हे माहीत असू द्या की रेल्वेमार्ग २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. तिथे वनजमीन वा अभयारण्याच्या परवानगीच्या वाटेनेच प्रश्न विचारता येतो.

झाडांचं थोडक्यात. २० बाय २० मीटरचे चौकोन, २५ चौकोन म्हणजे एक हेक्टर. त्यात ५ बाय ५ मध्ये झुडपं, १ बाय १ मध्ये गवत-रोपं. खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर. सागाला तोडल्यावर एकाच बुंध्यातून चार-पाच फुटवे येतात. प्रत्येक फुटव्याचा घेर वेगळा लिहायचा पण झाड एकच मोजायचं. तोडणीसाठीची झाडमोजणी ही वेगळी गोष्ट आहे, तिला जैवविविधतेचा सर्व्हे समजू नये. तिच्यात एक जुना ढोलीचा मोह आणि एक सरळ साग यांचा भाव लाकडाच्या घनमीटरने ठरतो. ढोलीत धनेश, घुबड, उदमांजर, मधमाश्या राहतात. म्हणून ढोलीची झाडं वेगळी मोजावीत, ढोलीची उंची आणि तोंड किती सेंटिमीटर ते लिहावं. गवतं ओळखायला तुरा लागतो, तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. मार्चच्या वणव्यानंतर गवताचा चौकोन टाकून ‘प्रजाती ४’ लिहिणारे अहवाल असतात.

मासे ढीवरांच्या जाळ्यात पाहावेत, बाजारात नव्हे. बाजारात आंध्रचा बर्फातला मालही असतो. पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती ओळखायचं तंत्र आलं आहे. एक लिटर पाणी बारीक गाळणीतून गाळून गाळणी अल्कोहोलमध्ये ठेवतात. चांगलं आहे, पण विदर्भाच्या गढूळ तलावात गाळणी दोन-तीनशे मिलिलिटरलाच तुंबते आणि तुलनेचा साठा अपुरा असला की निकाल ‘कुठलातरी मासा’ एवढाच येतो.

शेवटी हिशेब. यादी पूर्ण झाली का, हे यादीच सांगते. फक्त एकदाच दिसलेल्या प्रजाती किती आणि दोनदाच दिसलेल्या किती, हे मोजा. ६४ पक्षी मिळाले, त्यांत एकदाच दिसलेले १२, दोनदाच दिसलेले ६. पहिल्याचा वर्ग १४४, भागिले दुसऱ्याची दुप्पट १२, उत्तर १२. म्हणजे अजून किमान बाराएक पक्षी हाती लागायचे आहेत, खरी यादी ७६ च्या पुढे. या सूत्राला चाओचा अंदाज म्हणतात, आणि ते पाटीवर मांडता येतं. यादीत दिसल्याच्या संख्याच दिल्या नसतील तर हे करताच येत नाही, आणि नेमक्या म्हणूनच त्या दिलेल्या नसतात असं आम्हाला वाटतं.

हीच पद्धत बेटावर नेली तर काय होतं, हे ग्रेट निकोबारकडे पाहून कळतं. तिथे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर असा १६६ चौरस किलोमीटरचा प्रकल्प आहे, त्यातलं १३० चौरस किलोमीटर वन. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०२२ ची, आणि बंदराच्या जागेवरचं गॅलेथिया खाडीचं अभयारण्य त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये रद्द झालं होतं. तिथली कसोटी विदर्भाहून कडक हवी, कारण आपल्याकडे ब्रह्मपुरीचं रान तुटलं तर वाघ निदान दुसरीकडे चालत जाऊ पाहतो. बेटावरच्या जिवाला पलीकडे समुद्र आहे. निकोबारी मेगापोड हा पक्षी अंडी उबवत नाही. किनाऱ्यालगत वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग करतो, कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. तिथे पक्षी मोजण्याआधी ढीग मोजावे लागतात, आणि ढीग चालू आहे की सोडलेला हे ताज्या उकरणीवरून वारंवार जाऊन ठरवावं लागतं. एक ढीग अनेक जोड्या वापरू शकतात, म्हणून ढिगांची संख्या म्हणजे जोड्यांची संख्या नव्हे. गॅलेथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवं हिवाळ्यात, रात्री अंडी घालायला येतात. दिवसा आखलेल्या रेषेवर चालून केलेल्या मोजणीत ती शून्य. तिथली जनावरं म्हणजे लांब शेपटीची माकडं, झाडावरची चिचुंद्रीसारखी ट्री श्रू, रात्री नारळ फोडणारा खेकडा. वाघाच्या मापाने लावलेला कॅमेरा त्यांच्यापुढे आंधळा. बेट दोन्ही मोसमी पावसांत भिजतं, तेव्हा ‘पावसाळा सोडून एक हंगाम’ म्हणजे वर्षाचा एक लहानसा कोपरा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं, किनारे बदलले, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींवरही विसंबता येत नाही. आणि माणसांना विचारायची पायरी तर जवळजवळ गळतेच. बेटाच्या रानात राहणाऱ्या शोंपेन आदिवासींशी संपर्कावर निर्बंध आहेत, किनाऱ्यावरचे निकोबारी सुनामीनंतर गावांतून हलवले गेले. नोंदवही कोणाकडून भरून घेणार?

तोडलेल्या वनाच्या बदल्यात झाडं लावायची ठरली ती हरियाणात. मेगापोडला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न उपहासाचा वाटेल, पण अहवाल वाचताना तो सरळ विचारायचा असतो. नुकसान ज्या अधिवासाचं, भरपाई त्याच अधिवासात आहे का? बोडी बुजवून सागाची रोपं लावली तर आपल्याकडेही तेच होतं.

जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथे बघायला ठेवतात, आणि मराठी सारांश असतो. सारांशावर थांबू नये. तारखा, माणसं आणि फेऱ्यांचे आकडे तिथे नसतात, ते मूळ अहवालाच्या परिशिष्टात असतात, असले तर. आणखी एक झटपट चाचणी: वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहाच्या चार अनुसूची झाल्या. त्यानंतरच्या अहवालात एखाद्या प्राण्यापुढे ‘अनुसूची पाच’ लिहिलेलं दिसलं तर तो तक्ता जुन्या अहवालातून उचललेला आहे, पुढचं वाचायचं कष्टही वाचतात. सुनावणीत बोलताना “आमच्याकडे वाघ आहे” एवढं म्हणून भागत नाही, ते इतिवृत्तात एका ओळीत विरतं. लेखी द्यावं: अमुक गट क्रमांकाच्या बांधीत अमुक महिन्यात सारसाचं घरटं, नोंदवहीचं पान अमुक, आणि तुमच्या सर्व्हेची माणसं त्या गटात कोणत्या तारखेला आली होती? सुनावणीचं व्हिडिओ चित्रण होतं आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते वाचून होईपर्यंत मंडपातून उठू नये, आणि तारखेचा प्रश्न त्यात आला नसेल तर तिथेच हात वर करून लिहून घ्यायला लावावं.